एकच गाळ, तीन खाती: हिमसरोवरातली माती कशी ओळखतात

यवतमाळकडच्या काळ्या रानात एप्रिल-मेमध्ये पडणाऱ्या भेगा ज्याने पाहिल्या आहेत, त्याला अमेरिकेतल्या फार्गो शहराभोवतीची जमीन फारशी परकी वाटणार नाही. काळी, जड, ओली झाली की पायाला चिकटणारी आणि सुकली की फाटणारी. अमेरिकी मृदावर्गीकरणात या दोन्ही जमिनी एकाच मोठ्या वर्गात बसतात, तो म्हणजे व्हर्टिसॉल. फरक जन्माचा आहे. आपली काळी माती बसाल्टच्या झिजेतून आली. फार्गोची माती एका प्रचंड तळ्याच्या तळाशी, बर्फाच्या कड्याला लागून, कणाकणाने बसली. हिमसरोवरातल्या पोयट्याच्या (सिल्ट) आणि चिकण (क्ले) गाळाचं सगळं वागणं या बसण्यातून येतं. तो कुठे बसला, कुठल्या ऋतूत बसला आणि कुठला खडक दळून आला, या तीन गोष्टी कळल्या की त्याची किचकट वाटणारी नावंही वाचता येतात.

तळं कुठे होतं

तळ्याचं नाव लेक अगासिझ. सुमारे १४ हजार वर्षांपूर्वी, शेवटचं हिमयुग ओसरत असताना, कॅनडावर पसरलेली लॉरेंटाइड हिमचादर उत्तरेकडे मागे सरकू लागली. या भागाचा उतारही उत्तरेकडेच. पाण्याला जायचं होतं हडसनच्या उपसागराकडे आणि वाटेत बर्फ आडवा. साहजिकच पाणी तुंबलं. ऐन भरात हे तळं आजच्या पाचही ग्रेट लेक्सच्या एकत्रित क्षेत्रफळापेक्षा मोठं होतं. सुमारे ८,२०० वर्षांपूर्वी बर्फाचा बांध सुटला आणि ते उपसागरात रिकामं झालं. आजचं लेक विनिपेग आणि लेक मॅनिटोबा ही त्याचीच उरलेली डबकी. नकाशावर मात्र ती समुद्रासारखी दिसतात. १८७९ मध्ये वॉरन अपहॅम यांनी या नाहीशा झालेल्या तळ्याला हिमयुगाचा सिद्धान्त मांडणाऱ्या लुई अगासिझ यांचं नाव दिलं.

तळ्याचा तळ उघडा पडला, त्यालाच आज रेड रिव्हर व्हॅली म्हणतात. दरी म्हणावी असं तिथे काही नाही. किलोमीटरमागे वीतभरही उतार नसलेले लांबलचक पट्टे आहेत. नदी उत्तरेकडे वाहते, त्यामुळे वसंतात दक्षिणेकडचा बर्फ आधी वितळतो आणि ते पाणी पुढे अजून गोठलेल्या पात्रावर जाऊन आदळतं. १९९७ मध्ये ग्रँड फोर्क्स शहर अशाच पुरात बुडालं. एवढ्या सपाट जागी पाणी पसरायला लागलं की त्याला अडवणारं काही नसतं.

या तळावर माती कशी वाटली गेली, ते समजायला सोपं आहे. नद्या तळ्यात शिरल्या की त्यांचा वेग मोडतो. वाळू आणि खडी काठालाच पडते, पोयटा थोडा आत जाऊन बसतो आणि चिकण मात्र तळ्याच्या मध्यापर्यंत तरंगत जाते. म्हणून फार्गोच्या जवळ जड चिकण जमीन मिळते, तिथून बाजूला सरकलं की पोयट्याची, आणि आणखी पुढे वाळूचे लांबट, बुटके उंचवटे लागतात. ते म्हणजे तळ्याचे जुने किनारे. पाणी टप्प्याटप्प्याने उतरलं, म्हणून किनारेही एकामागे एक आहेत. दक्षिण मॅनिटोबात विमानातून खाली पाहिलं तर सपाट शेतांवर लांबच लांब ओरखडेही दिसतात. तरंगणारे हिमनग तळाच्या मऊ चिखलात रुतून घासत गेले, त्याच्या या खुणा.

पाच दिवस आणि सोळा महिने

आता कणांकडे येऊ. मृदाशास्त्रात ०.०५ ते २ मिलिमीटरचा कण म्हणजे वाळू, ०.००२ ते ०.०५ मिलिमीटरचा म्हणजे पोयटा आणि त्याहून बारीक सगळं चिकण. आकडे जवळजवळ दिसतात, पण स्थिर पाण्यात कण खाली उतरण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे (स्क्वेअरप्रमाणे) बदलतो. चार अंश सेल्सिअसच्या गार, अगदी निवांत पाण्यात पोयट्याचा सगळ्यात मोठा कण एक मीटर उतरायला साधारण १२ मिनिटं घेतो. पोयटा आणि चिकण यांच्या सीमेवरचा कण तेवढंच अंतर उतरायला पाच दिवस घेतो. त्याच्याही दहापट बारीक कणाला जवळजवळ सोळा महिने लागतात. आणि हे सगळं पाणी अजिबात हललं नाही तर.

पाणी हलतंच. उन्हाळ्यात बर्फ वितळून नद्या गाळ घेऊन येतात, वारा तळं घुसळत राहतो. पोयटा बसतो, चिकण पाण्यातच लटकलेली राहते. हिवाळ्यात तळ्यावर बर्फाचं झाकण पडतं, नद्या आटतात, वारा लागत नाही. मग महिनोन्‌महिने बारीक चिकण खाली उतरत राहते. परिणाम म्हणजे दर वर्षाचा एक जोडथर: खाली उन्हाळ्याचा फिकट, पोयट्याचा थर आणि वर हिवाळ्याचा काळसर, चिकण थर. याला वार्व्ह म्हणतात. स्वीडनचे गेरार्ड दे गीर यांनी असे थर मोजून हिमचादर कुठल्या वर्षी कुठवर मागे हटली होती, याचं कॅलेंडर तयार केलं आणि १९१० च्या स्टॉकहोममधल्या आंतरराष्ट्रीय भूशास्त्र परिषदेत ते मांडलं. त्यांचे सहकारी अर्न्स्ट अँटेव्हज यांनी पुढे अमेरिकेत कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात, लेक हिचकॉक नावाच्या दुसऱ्या लुप्त हिमसरोवराच्या गाळात हेच काम केलं आणि १९२२ मध्ये चार हजारांहून अधिक वर्षांचे थर प्रसिद्ध केले. विटांच्या भट्ट्यांसाठी खणलेल्या खाणींच्या भिंतीवर कागदाची पट्टी लावायची आणि थरांच्या सीमा खुणवायच्या, अशी ती साधी पद्धत होती. जाड थर कुठे, पातळ कुठे, हा क्रम एका खाणीतून दुसऱ्या खाणीत जुळवत जायचं. इतक्या कमी साधनांत इतकं काम झाल्याची उदाहरणं विज्ञानात फार नसतील.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण गोंधळ होतो. नॉर्वे किंवा क्विबेकमध्ये भूस्खलनात जमीन अचानक पातळ होऊन वाहून जाते, त्या बातम्यांतली ‘क्विक क्ले’ तळ्यातली नाही, खाऱ्या पाण्यातली आहे. मिठाच्या पाण्यात चिकण कण एकमेकांना धरून गुठळ्या करतात आणि पोयट्याबरोबरच खाली पडतात. त्यामुळे तिथे असे स्वच्छ वार्षिक थर सहसा होत नाहीत. गोड्या पाण्यात कण सुटे राहतात, म्हणून ऋतू वेगळे लिहिले जातात.

चिकण म्हणजे बारीक, की चिकट?

हिमनदी खडक दळते. ग्रॅनाइट दळला तर क्वार्ट्‌झ आणि फेल्डस्पारचं पीठ मिळतं. ते कितीही बारीक झालं तरी पीठच. त्याला ओढून दोरा करता येत नाही आणि ते फुगतही नाही. खरी चिकट चिकण वेगळ्या खनिजांची असते. इलाइट थोडं चिकटतं. स्मेक्टाइट नावाचं खनिज पाणी आपल्या पापुद्र्यांच्या मधोमध शोषतं आणि फुगतं, सुकलं की आकसतं. आपल्या रेगूर मातीचा स्वभाव याच स्मेक्टाइटचा. बसाल्ट झिजला की ते तयार होतं.

मग ग्रॅनाइटच्या कॅनडातल्या तळ्यात स्मेक्टाइट आलं कुठून? लेक अगासिझच्या पश्चिमेला क्रेटेशस काळातले मऊ शेल खडक आहेत आणि त्यांच्यात स्मेक्टाइट भरपूर आहे. बर्फाने आणि नद्यांनी ते खरवडून तळ्यात आणलं. कनेक्टिकटच्या लेक हिचकॉकमध्ये असे खडक नव्हते, म्हणून तिथली चिकण इलाइट, क्लोराइट आणि खडकाच्या पिठाची आहे. दोन्ही हिमसरोवरांचा गाळ, दोन्ही बारीक. एक भेगाळतो, दुसरा फारसा नाही.

ब्रिटिश अभियंते स्केम्प्टन यांनी १९५३ मध्ये हा फरक मोजायचा सोपा मार्ग दिला. मातीचा लवचीकतेचा अंक (माती किती ओलाव्यापासून किती ओलाव्यापर्यंत लवचीक राहते, त्याचं माप) घ्यायचा आणि त्याला ०.००२ मिलिमीटरहून बारीक कणांच्या टक्केवारीने भागायचं. उत्तर ०.७५ च्या खाली आलं तर चिकण सुस्त, १.२५ च्या वर गेलं तर तापट. खडकाचं पीठ सुस्त निघतं, स्मेक्टाइट तापट.

इथेच मृदाशास्त्रज्ञ आणि सिव्हिल इंजिनिअर यांच्यात खडाजंगी होते, आणि दोघांचं बरोबर असतं. मृदाशास्त्रज्ञाच्या लेखी चिकण म्हणजे ठरावीक मापाहून बारीक कण. इंजिनिअरच्या लेखी चिकण म्हणजे जिचं वागणं चिकण आहे ती. निम्मे कण अतिबारीक असलेलं खडकाचं पीठ एकाच्या रिपोर्टमध्ये ‘क्ले’ आणि दुसऱ्याच्या रिपोर्टमध्ये ‘सिल्ट’ निघू शकतं. रिपोर्ट वाचताना तो कोणाच्या खात्यातून आलाय, हे आधी बघावं.

हातावरची परीक्षा

प्रयोगशाळेत माती सोडियम हेक्सामेटाफॉस्फेटच्या पाण्यात विस्कटतात, उंच नळकांड्यात बसू देतात आणि हायड्रोमीटरने कण कसे उतरतात ते मोजतात. शेतावर किंवा साइटवर मात्र तळहात पुरतो.

सुपारीएवढा ओला गोळा तळहातावर ठेवा आणि दुसऱ्या हाताने त्या हातावर आडवे फटके मारा. पोयटा असेल तर पृष्ठभागावर पाणी येतं आणि गोळा चमकतो. आता बोटांनी दाबा: चमक जाते, गोळा कोरडा पडल्यासारखा दिसतो आणि शेवटी फुटतो. चिकण असेल तर कितीही आपटा, पाणी वर येत नाही. दुसरी परीक्षा पट्टीची. गोळा अंगठा आणि तर्जनीत दाबत पुढे ढकला. पट्टी पाच सेंटिमीटरच्या पुढे न तुटता गेली तर चिकण भरपूर आहे. अडीचच्या आत तुटली तर दुमट किंवा हलकी माती. आणि पोयटा व चिकण यांच्या सीमेवरच्या मातीसाठी जुन्या जाणकारांची युक्ती म्हणजे चिमूटभर माती दातांत धरणं. पोयटा किंचित करकरतो, चिकण लोण्यासारखी लागते. ही परीक्षा खतं-औषधं मारलेल्या शेतात करू नये, एवढं सांगायलाच हवं.

हाताने मिळतो तो पोत. अमेरिकी पद्धतीत चिकण ४० टक्के किंवा जास्त आणि पोयटाही ४० टक्के किंवा जास्त असेल तर ‘सिल्टी क्ले’. चिकण २७ ते ४० टक्के आणि वाळू २० टक्क्यांपर्यंतच असेल तर ‘सिल्टी क्ले लोम’. तळ्याच्या मध्यात बहुधा पहिली, किनाऱ्याकडे सरकताना दुसरी, मग सिल्ट लोम. हिमसरोवरांच्या मातीत वाळू किती कमी असते, हे या नावांतूनच दिसतं.

लांबलचक नाव उलटीकडून वाचा

सर्वेक्षणात एका नावाने ओळखल्या जाणाऱ्या सारख्या मातीला मालिका म्हणतात. फार्गो मालिकेच्या मातीचं पूर्ण शास्त्रीय नाव असं: फाइन, स्मेक्टिटिक, फ्रिजिड टिपिक एपिअ‍ॅक्वर्ट. पहिल्यांदा ऐकलं की मंत्र वाटतो. शेवटून सुरुवात करावी. ‘अर्ट’ म्हणजे व्हर्टिसॉल, भेगाळणारी, आतल्या आत घसरणारी चिकण जमीन. खड्डा खणला तर मातीच्या ढेकळांवर घासून गुळगुळीत झालेल्या, चकाकणाऱ्या बाजू दिसतात. ‘अ‍ॅक्व’ म्हणजे वर्षातला बराच काळ पाण्याने भरलेली. ‘एपि’ म्हणजे पाणी वरून साचतं, खालून चढत नाही. ‘टिपिक’ म्हणजे गटातला सरळ नमुना. ‘फ्रिजिड’ म्हणजे मातीचं वार्षिक सरासरी तापमान आठ अंशांच्या खाली आणि उन्हाळा-हिवाळ्यात मोठा फरक. ‘स्मेक्टिटिक’ हे खनिज. ‘फाइन’ म्हणजे चिकण ३५ ते ६० टक्के. सात तुकडे, आणि शेतकऱ्याला लागणारी बरीचशी माहिती त्यात आली.

विदर्भातल्या काळ्या जमिनींची नावंही याच साच्यात लिहितात, कारण आपली मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था, जी नागपूरलाच आहे, हेच वर्गीकरण वापरते. तिथे शेवट ‘अर्ट’च असतो, फक्त ‘अ‍ॅक्व’च्या जागी ‘अस्ट’ येतं, म्हणजे पाऊस काही महिन्यांचा आणि पुढे कोरड. आणि ‘फ्रिजिड’च्या जागी ‘हायपरथर्मिक’. दोन अक्षरगट बदलले आणि साखरबीटचा देश कपाशीचा झाला.

बेअर्डेन नावाची शेजारची मालिका पाहा. तीही लेक अगासिझचीच, पण पोयट्याच्या पट्ट्यातली. ती व्हर्टिसॉल नाही, कारण भेगाळायला पुरेशी चिकण नाही. तिच्या नावात चुना आणि ओल येते. भूजल केशाकर्षणाने वर चढतं, वाफ होते, चुना मागे राहतो. कॅनडाने तर आपल्या वर्गीकरणात भेगाळणाऱ्या मातीचा स्वतंत्र वर्ग १९९८ मध्ये घातला. तोवर विनिपेगची काळी चिकण दुसऱ्याच वर्गांत कोंबलेली होती. वर्गीकरण निसर्गात नसतं, समितीत असतं, हे यावरून ध्यानात यावं.

इंजिनिअरचं खातं

स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ अ‍ॅल्बर्ट अ‍ॅटरबर्ग यांनी १९११ च्या सुमारास मातीच्या ओलाव्याच्या मर्यादा मोजल्या: कुठल्या ओलाव्याला ती वाहू लागते आणि कुठल्या ओलाव्याला तिचा दोरा तुटू लागतो. या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजे लवचीकतेचा अंक. वाहण्याची मर्यादा ५० टक्के ओलाव्याच्या वर गेली की ‘सीएच’, अतिचिकट क्ले. खाली असली तर ‘सीएल’. पोयटा असेल तर ‘एमएल’. भारतीय मानक १४९८ मध्ये ३५ ते ५० असा मधला ‘सीआय’ गटही आहे.

हिमसरोवराच्या मातीत इथे एक सापळा असतो. वार्व्हचा नमुना आणला, कालवला आणि चाचणी केली, तर पोयट्याचे ‘एमएल’ आणि चिकणीचे ‘सीएच’ थर मिसळून ‘सीएल’ असं मध्यम उत्तर येतं. अशी माती त्या जागी कुठेच नसते. शिवाय पाणी त्या थरांतून आडवं सहज जातं, उभं जात नाही; कालवलेल्या नमुन्यात हा फरक नाहीसा होतो. थर शाबूत ठेवून वेगवेगळे तपासावेत, हाच उपाय.

आणि मग विनिपेगजवळचं ट्रान्सकोना. १९१३ मध्ये कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने तिथे दहा लाख बुशेलचं धान्य-कोठार उभं केलं. ६५ गोल कोठ्या, खाली जवळपास ५९ मीटर बाय २३ मीटरचा काँक्रीटचा राफ्ट, म्हणजे सगळ्या कोठाराखाली पसरलेला एकच सपाट पाया. पायाच्या खड्ड्यात लहान प्लेट ठेवून भारचाचणी घेतली होती आणि माती पक्की निघाली होती. सप्टेंबरपासून गहू भरू लागले. १८ ऑक्टोबरला साधारण पावणेनऊ लाख बुशेल, म्हणजे सुमारे २४ हजार टन गहू आत असताना कोठार खचायला लागलं. तासाभरात फूटभर. पुढच्या चोवीस तासांत ते जवळजवळ २७ अंश कललं आणि तसंच थांबलं. तुटलं मात्र नाही.

कारण तळ्याच्या इतिहासात होतं. तळं गेल्यावर वरची चिकण सुकून कडक झाली, खालची मऊच राहिली. प्लेट लहान होती, तिचा भार वरच्या कडक थरातच जिरला. राफ्ट अवाढव्य होता, त्याचा भार खालच्या मऊ थरापर्यंत पोचला. गहू उपसून, खाली खडकापर्यंत खांब नेऊन कोठार सरळ केलं, पण आधीपेक्षा बऱ्याच खालच्या पातळीवर, आणि ते पुढे वापरातही राहिलं. तरीही १९५५ मध्ये फार्गोचं एक धान्य-कोठार याच तळ्याच्या चिकणीवर कोसळलं. चाळीस वर्षांनी. आधीचं उदाहरण समोर असताना.

नांगराखाली

शेतकऱ्याची अडचण वेगळी. फार्गोची चिकण भरपूर अन्नद्रव्यं धरून ठेवते, गहू, सोयाबीन, साखरबीट छान येतात, पण निचरा नाही. वाफसा फार थोडे दिवस टिकतो. आधी गेलात तर ट्रॅक्टर रुततो आणि माती दबते, उशीर केलात तर ढेकळं दगड होतात. म्हणून तिथे नांगरट शरद ऋतूत उरकतात आणि ढेकळं हिवाळ्यावर सोडतात. गोठणं-वितळणं यात ती फुटून भुसभुशीत होतात. आपल्याकडे हेच काम उन्हाळी नांगरटीनंतर कडक ऊन आणि वळवाचा पाऊस करतात. निचऱ्यासाठी शेताशेतांतून चर आणि जमिनीत सच्छिद्र पाइप. चरांच्या कडेला मात्र पांढरा क्षार फुटतो, आणि सांगली-कोल्हापूरकडे क्षारपड जमीन पाहिलेल्यांना ते ओळखायला वेळ लागणार नाही. कारणही तेच: पाणी वर चढतं, वाफ होऊन जातं, क्षार राहतो.

असा तळ्याचा गाळ भारतातही आहे, हिमालयात. उत्तराखंडात पिथौरागढ जिल्ह्यात, कैलास-मानसरोवरच्या जुन्या वाटेवर गरब्यांग नावाचं गाव आहे. ते काली नदीच्या खोऱ्यातल्या एका लुप्त तळ्याच्या जाड गाळावर वसलंय आणि वर्षानुवर्षं खचत आलंय. घरं कललेली, भिंती तडकलेली. थरांच्या या मातीत पाणी आडवं मुरतं, उताराकडची बाजू सैल होते आणि पायथा नदी कुरतडते. हिमालयातल्या खोऱ्यांत अशा सपाट, फिकट पट्ट्यापट्ट्यांच्या गाळाच्या पायऱ्या दिसल्या की त्यावर घर किंवा रस्ता बांधायच्या आधी पाणी कुठे बाहेर पडतंय, हे बघून घ्यावं. झरा बहुधा पोयट्याच्या थरातूनच निघालेला असतो, त्याखालच्या चिकणीच्या डोक्यावरून.

मृदा सर्वेक्षणाचे नकाशे साधारण दोन मीटर खोलीपर्यंतच्या मातीबद्दल बोलतात, कारण मुळं तेवढीच जातात. विनिपेगसारख्या जागी तळ्याची चिकण त्याच्या कितीतरी पट खोल आहे. तेव्हा कोठार किंवा इमारत बांधायची असेल तर नकाशावरच्या नावावर न थांबता खालच्या हिमोढापर्यंत (बर्फाने टाकलेल्या दगड-मातीच्या थरापर्यंत) किंवा खडकापर्यंत बोअर घ्यावा आणि प्रत्येक थराचा नमुना वेगळा बांधून पाठवावा.